गाठ दिसेना, तरी ऑपरेशन?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर ऑपरेशन टाळता येईल का, याबद्दल तुम्ही पाठवलेलं कात्रण वाचलं. आई, केमोनंतर सोनोग्राफीत तुझ्या स्तनातली गाठ दिसत नाही हे ऐकल्यावर फोनवर मला बोलताच येईना. तोंडाची चव गेली, नखं काळी पडली, पण औषध लागू पडलं! म्हणून ‘आता कशाला कापायचं?’ हे तुझं म्हणणं मला कळतं. हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडलाय.

कात्रणातला अभ्यास इथल्याच, ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉ. हेन्री क्यूरर यांचा. चाळिशीपुढच्या ५० बायका. काहींच्या गाठी तुझ्यासारख्या हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या), बाकीच्यांच्या ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे हर-टू आणि दोन्ही हार्मोन्सच्या तपासण्या निगेटिव्ह आलेल्या). औषधं संपल्यावर गाठीच्या जागेतून जाड सुईनं किमान बारा तुकडे काढून तपासले. ३१ जणींत कॅन्सर सापडला नाही. त्यांचं ऑपरेशन केलंच नाही, फक्त रेडिएशन दिलं. पहिला निकाल २०२२ मध्ये आला. त्यानंतरही लक्ष ठेवलं, एकूण साधारण साडेचार वर्षं झाली, तरी एकीचाही आजार उलटला नाही.

मला याचं फार अप्रूप आहे. पण आई, बायका ३१च, आणि त्याही निवडून घेतलेल्या. नेदरलँड्समध्ये साध्या सुईनं असंच तपासलं, तर ज्यांच्यात कॅन्सर उरला होता त्यांतल्या ३७ टक्के जणींचा सुईला सापडलाच नाही. तुझी तर नुसती सोनोग्राफी झालीये. डोळ्याला दिसत नाही म्हणजे पेशी नाहीत, असं नसतं.

शिवाय काढलेल्या भागाच्या रिपोर्टवरच पुढचं औषध ठरतं. पेशी उरल्या असतील तर ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या नेहमीच्या औषधाऐवजी टी-डीएम-१ (त्याच औषधाला केमोचं औषध जोडलेलं) देतात. त्यानं आजार उलटण्याचा धोका निम्म्यावर आल्याचं २०१९ मध्ये छापून आलंय. ऑपरेशन टाळलं तर हे कळणार कसं?

केमोआधी गाठीत तिळाएवढी क्लिप बसवली होती ना, ती याचसाठी. गाठ विरघळली तरी जागा सापडते आणि तेवढाच भाग काढता येतो. सगळा स्तन काढावा लागेल अशी धास्ती घेऊ नकोस.

बाबा, सर्जनना एवढं विचारा: तेवढाच भाग काढून भागेल ना, आणि काखेतल्या सगळ्या लसिका-गाठी (लिम्फ नोड) काढाव्या लागतील की दोन-चार तपासून चालेल? तारीख मिळाली की लगेच कळवा, मी तिकीट काढते.

तुमची,
मीनू