वेरूळच्या ट्रिपआधी मुलांना फेलूदा वाचायला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या सहलींचा सीझन सुरू झालाय आणि आमच्या भागातल्या बहुतेक शाळांची एक तरी बस वेरूळला जातेच, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. मागणी एकच आहे. ट्रिपच्या आधीच्या आठवड्यात मुलांना फेलूदाची वेरूळवाली रहस्यकथा वाचायला द्या, नाहीतर वर्गात वाचून दाखवा. मूळ बंगाली नाव 'कैलाशे केलेंकारी', सत्यजित राय यांनी ती १९७३ साली लिहिली. फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनाने त्या काढल्यात, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फेलूदा म्हणजे प्रदोष मित्तर, कोलकात्याच्या रजनी सेन रोडवर राहणारा डिटेक्टिव्ह. गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे, जो शाळकरी आहे, आणि पुढे त्यांच्यात लालमोहन गांगुली येतात, जे 'जटायू' या नावाने थरारकथा लिहितात आणि त्यात भरपूर चुका करतात, मग फेलूदा त्या दुरुस्त करतो. पहिली गोष्ट १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात हप्त्याहप्त्याने आली. हे मासिक रायांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर यांनी १९१३ ला मुलांसाठी काढलं होतं, मधे बंद पडलं होतं ते १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी पुन्हा चालू केलं. फेलूदाच्या त्या पहिल्या गोष्टीपासून १९९२ ला ते गेले तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षं ते फेलूदा लिहीत राहिले, पस्तीस गोष्टी पूर्ण झाल्या आणि चित्रंसुद्धा स्वतःच काढायचे. एवढा मोठा फिल्म डायरेक्टर, पण मुलांसाठी लिहायचं त्यांनी सोडलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ही गोष्ट. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरच्या एका यक्षीचं डोकं कुणीतरी फोडून नेलंय आणि ते एका अमेरिकन माणसाला विकलं गेलंय. सिधू ज्याठा नावाचे वडीलधारे गृहस्थ, ज्यांना जगातलं सगळं पाठ असतं, ते संतापून फेलूदाकडे येतात. त्यात बातमी येते की तो अमेरिकन ज्या विमानात होता ते कोलकात्याजवळ कोसळलं. फेलूदा तिथे जातो तर डोकं गायब, आणि मग धागा पकडत पकडत ही मंडळी औरंगाबादला आणि तिथून वेरूळला येतात, कारण चोरांची नजर आता कैलास लेण्याकडे वळलीय अशी शंका असते. याच्या पुढचं मी सांगत नाही, मुलांची मजा जाईल.

माझ्या मुलीने (सातवीत आहे) हे पुस्तक संपवल्यावर पहिला प्रश्न विचारला की आई, ते डोकं कुणाचं होतं? म्हणजे कुणाच्या मालकीचं. आणि मला वाटतं या गोष्टीची सगळी ताकद त्या प्रश्नात आहे. नेहमीच्या डिटेक्टिव्ह गोष्टीत हिऱ्याचा हार जातो, तिजोरी फुटते, मृत्युपत्र हरवतं, म्हणजे कुणातरी श्रीमंताचं नुकसान होतं आणि शेवटी वस्तू त्याला परत मिळते. इथे जी वस्तू गेलीय तिला असा एक मालक नाहीच. ती तोपशेचीही आहे, वाचणाऱ्या मुलीचीही आहे आणि आपलं काही गेलंय हे ज्याला माहीतही नाही त्याचीही आहे. फेलूदाला हे काम कुणी फी देऊन दिलेलं नाही, ज्याठांना राग आलाय आणि त्यालाही आलाय, बास. हा राग मुलांपर्यंत पोचतो, आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं 'वारशाचे जतन करावे' हे वाक्य तसं कधीच पोचत नाही.

आणि हे काही पन्नास वर्षांपूर्वीचं संपलेलं प्रकरण नाही. तामिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातला नटराज चोरीला जाऊन थेट ऑस्ट्रेलियाच्या सरकारी म्युझियममध्ये पोचला होता, तो २०१४ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी आपल्याला परत दिला. तो विकणारा न्यूयॉर्कचा डीलर सुभाष कपूर २०११ ला जर्मनीत पकडला गेला होता. मुलांना गोष्ट वाचून झाल्यावर ही खरी केस सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात, कारण पद्धत तीच, एकाने फोडायचं, दुसऱ्याने लपवायचं, तिसऱ्याने खोटे कागद करायचे आणि चौथ्याने काचेच्या पेटीत ठेवायचं.

राय शांतिनिकेतनला नंदलाल बोस यांच्याकडे चित्रकला शिकत असताना अजिंठा-वेरूळला येऊन गेले होते, तरुणपणी, त्यामुळे त्यांचं वेरूळ हे गाइडबुक वाचून लिहिलेलं नाही. आणि फेलूदाची एक सवय मला शाळेच्या दृष्टीने फार मोलाची वाटते, तो कुठेही जायच्या आधी त्या जागेबद्दल वाचतो. तिथे गेल्यावर काय बघायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून काय बदललंय हे लगेच दिसतं.

आमच्याकडच्या ट्रिपा कशा होतात ते सगळ्यांना माहितीये. एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ आणि येताना बीबी का मकबरा. वेरूळला चौतीस लेणी आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन, त्यातलं एकच बघून होतं, सोळा नंबर, म्हणजे कैलास. अंगणातल्या दगडी हत्तीसमोर ग्रुप फोटो, डबे, चला बसमध्ये. हे देऊळ बांधलेलं नसून डोंगर वरून खाली कोरत आणलाय, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे सर सांगतात पण गोंगाटात ऐकू जात नाही. रावण कैलास हलवतोय ते शिल्प तर कित्येक मुलं न बघताच परत येतात. शिक्षकांना दोष देत नाहीये मी, साठ-सत्तर मुलं सांभाळायची म्हणजे मोजण्यातच वेळ जातो. म्हणून तर म्हणतेय की तयारी आधी घरी आणि वर्गात व्हायला हवी. गोष्ट वाचलेलं मूल तिथे गेलं की आपोआप शोधायला लागतं, चोर कुठून आला असेल, कुठे लपला असेल, कुठल्या मूर्तीचं नाक तुटलंय, हे आधीपासून तुटलंय की आत्ता. त्याला भिंतीवर नाव कोरू नको असं वेगळं सांगावं लागत नाही. (तसं केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, कायद्यातच आहे, हेही वर्गात एकदा सांगून ठेवा.)

पालकांच्या ग्रुपवर मी हे सुचवलं तेव्हा दोन आक्षेप आले. एक, फेलूदा सिगारेट ओढतो. हो, ओढतो, चारमिनार. सातवीतल्या मुलाला आपण हे सांगू शकतो की त्या काळी लोक ओढायचे आणि ते वाईटच होतं, त्यासाठी पुस्तक बंद करायची गरज नाही. दुसरा आक्षेप होता की मालिकेतल्या डिटेक्टिव्ह गोष्टी म्हणजे टाइमपास, त्यापेक्षा चरित्रं वाचावीत. हे मला अजिबात पटत नाही. एक पुस्तक आवडलं की मूल त्याच मालिकेतलं दुसरं स्वतःहून मागतं, वाचायची सवय लागते ती अशीच, मागे लागून नाही.

माझी स्वतःची एक तक्रार मात्र आहे, या गोष्टींत मुली-बायका जवळपास नाहीतच. माझी मुलगी तोपशेच्या जागी स्वतःला ठेवून वाचते, पण तिला ती जागा तिची तिलाच करून घ्यावी लागते. आजच्या लेखकांनी मराठीत अशी एखादी लांब चालणारी मालिका लिहावी ज्यात मुलगी पुढे असेल आणि रहस्य आपल्याच एखाद्या लेण्यात किंवा गडावर घडेल, आणि तुमच्या बालपुरवणीने ती हप्त्याने छापावी, अशी मनापासून विनंती आहे.

तोवर शाळांनी लायब्ररीसाठी दोन-तीन प्रती घेतल्या तरी वर्गाचं काम होईल, रोज शेवटच्या तासाला थोडं थोडं वाचलं तर आठवड्यात संपतं. शेवटचं प्रकरण बसमध्ये वाचा, मुलं जागची हलणार नाहीत. आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, तारीख ठरवताना तेवढं बघा.

आपली,
एक पालक, छत्रपती संभाजीनगर