वाहिनी काढा, पण संपादकाला फोन करू नका

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
स.न.वि.वि.

जगाला आपली बाजू सांगायला सरकारी पैशावरची वाहिनी हवी, असं तुम्हाला वाटतं. खुशाल काढा. त्याआधी फक्त ४ नोव्हेंबर १९५६ हा एक दिवस बघा.

त्या पहाटे हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. म्युनिकहून हंगेरियनमध्ये बोलणाऱ्या रेडिओ फ्री युरोप या अमेरिकी केंद्राने एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या हवाल्याने सुचवलं, की काही दिवस तग धरलात तर अमेरिकेवर मदतीसाठी दबाव येईल. मदत येणारच नव्हती. हे केंद्र खासगी म्हणून मिरवत होतं आणि पैसा गुपचूप सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून घेत होतं.

त्याच संध्याकाळी बीबीसीवरून ब्रिटनचे विरोधी पक्षनेते ह्यू गेटस्केल इजिप्तमधल्या सुएझ कालव्याच्या लढाईवरून आपल्या सरकारला झोडपत होते. पंतप्रधान ईडन यांचा जळफळाट झाला. बीबीसीची परदेशी सेवा परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालायची. ते कापण्याच्या धमक्या आल्या, खात्याचा माणूस बुश हाउस या तिच्या मुख्यालयात आणून बसवला. तरी सरकारवरची टीका परदेशी श्रोत्यांपर्यंत जात राहिली.

पैसा दोन्हीकडे सरकारचाच होता. प्रश्न संपादकाची मान कुणाच्या हातात आहे, एवढाच.

प्रचार म्हणजे धडधडीत खोटं, हा गैरसमज सोडा. खोटं पकडलं जातं. २००५ साली सुरू झालेल्या रशियाच्या आरटी या सरकारी वाहिनीवर पाश्चात्त्य देशांतली बेकारी आणि पोलिसी दांडगाई दिसायची, त्यातलं बरंचसं खरंही असायचं. घरचा विषय निघाला की मूग गिळायचे! आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, हेच संपादकीय धोरण. मार्च २०१४ मध्ये युक्रेनच्या क्रिमियात रशियाने सैन्य घुसवल्यावरून त्यांच्याच निवेदिका लिझ वाल यांनी थेट प्रक्षेपणात राजीनामा दिला.

दुसऱ्यांच्या वाहिन्यांवर बंदी घालणं सोपं. ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था ऑफकॉमने फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनच्या सीजीटीएन या सरकारी वाहिनीचा परवाना काढला, काही दिवसांत चीनने बीबीसी वर्ल्ड न्यूज बंद केलं. फिटंफाट.

नुसता कायदाही पुरत नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी केंद्राने अचूक, निःपक्ष बातम्या द्याव्यात, ही सनद १९७६ पासून कायद्यात आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या एका आदेशानंतर तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. म्हणून संपादकाची नेमणूक आणि मुदत तुमच्या खात्याबाहेर ठेवा, अनुदान अनेक वर्षांसाठी आधीच मंजूर करा, आणि त्यातला पै-पैचा हिशेब जाहीर करा. तुमच्याच खात्यावर ताशेरे मारणारा लेखापरीक्षण अहवाल त्या वाहिनीवर पहिली बातमी म्हणून जाणार का, याचं उत्तर लेखी द्यावं.

आपली,
एक श्रोती