इंजिन उघडण्याआधी दाब मोजणाऱ्या मिस्त्रींचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातील आपल्या गॅरेजमध्ये माझ्या डिझेल गाडीचे काम झाल्यापासून ती उत्तम चालते आहे. बिल चुकते करताना मी तोंडी आभार मानले होते. परंतु आपण ज्या पद्धतीने दोष शोधलात, ती इतर गाडीमालकांनाही कळावी असे वाटल्याने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा आधी लुकलुकला आणि मग लागूनच राहिला. गाडी कडेला घेऊन मी इंजिन लगेच बंद केले. काही वेळाने डिपस्टिक पाहिली, तर ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये होते आणि गाडीखाली थेंबही सांडलेला नव्हता. फोनवर एका परिचिताने सांगितले, की सेन्सर गेला असेल, बिनधास्त चालवत या. आणि एका गॅरेजवाल्याने गाडी न पाहताच इंजिनाचे मोठे काम निघणार, असे सांगून टाकले. जवळच्या चहावाल्यांकडून आपला नंबर मिळाला. आपले पहिलेच वाक्य होते, "इंजिन आता अजिबात सुरू करू नका, टो करून आणा." ऑइलची लेव्हल बरोबर असली तरी दाब बरोबर असेलच असे नाही, हेही आपण तेव्हाच सांगितलेत.

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर फिरत असतो, आणि इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोचा दांडाही त्याच ऑइलवर तगून असतो. बहुतेक गाड्यांमध्ये हा दिवा लागतो तो दाब चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या, म्हणजे चौरस इंचाला साधारण ७ पौंडांच्या, आसपास उतरल्यावर. म्हणजे इशारा मिळतो तेव्हा हाताशी फारसा वेळ उरलेला नसतो. एवढे सगळे ठाऊक असलेल्या माणसाने टोइंगचा खर्च करायला लावला, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गॅरेजमध्ये आपण हा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी टी-जॉइंट बसवलात आणि त्याच्या एका तोंडाला तोच जुना स्विच, तर दुसऱ्याला काट्याचा गेज जोडलात. इंजिन थंड असताना काटा चार किलोच्या जवळ गेला आणि सारे ठीक आहे असेच मला वाटले. आपण मात्र इंजिन पूर्ण गरम होऊ दिलेत आणि मग रेज देऊन २५०० आरपीएमवर धरून ठेवलेत. थोड्याच वेळात काटा थरथरू लागला आणि हळूहळू खाली आला. तो अर्ध्या किलोखाली गेला त्याच क्षणी दिवा लागला आणि आपण इंजिन बंद केलेत. याचा अर्थ स्विच अगदी खरे बोलत होता. थोडे थांबून पुन्हा सुरू केल्यावर काटा परत वर चढला. बेअरिंग झिजलेले असते, तर दाब स्लोवर, म्हणजे रेज न देता इंजिन मंद चालते तेव्हा, कमी दिसून रेज दिल्यावर वाढला असता. इथे रेज वाढवल्यावर तो पडतो आणि विश्रांतीनंतर परत येतो, तेव्हा पंपाकडे जाणारे ऑइलच कुठेतरी अडते आहे, पंपाच्या आधीच्या जाळीत अडकलेला कचरा इंजिन बंद केल्यावर सुटतो आणि चालू झाल्यावर पुन्हा ओढला जातो, असा आपला तर्क होता. हा तर्क आपण आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलालाही समजावून सांगत होतात, ते मला विशेष आवडले.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, खाली उतरवल्यावर तर्क खरा ठरला. स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाआधीच्या त्याच गाळणीच्या, जाळीवर काळा गाळ होता आणि त्यात करड्या सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे गुंतले होते. पूर्वी एका गॅरेजमध्ये चेंबरची गळती बंद करताना सीलंट गरजेपेक्षा जास्त लावले गेले होते. आतल्या बाजूला दाबून आलेली त्याची कड सुटून जाळीत येऊन बसली होती. स्ट्रेनरच्या नळीची ओ-रिंगही कडक झाली होती आणि तिच्यातून पंप हवा ओढू शकतो म्हणून आपण ती बदललीत.

इथे थांबला असता तरी मी समाधानी झालो असतो. परंतु ऑइल कमी पडलेल्या काळात इजा झाली आहे का, हे पाहण्यासाठी आपण एका कनेक्टिंग रॉडची कॅप उघडून बेअरिंगची शेल मला दाखवलीत. तिचा पृष्ठभाग एकसारखा राखाडी होता, त्यावर ओरखडे नव्हते आणि खालचे तांबे कुठेही उघडे पडलेले नव्हते. कॅप परत बसवताना बोल्ट नवे घातलेत, कारण एकदा ताणलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. त्यानंतर चेंबरच्या कडा खरवडून स्वच्छ केल्यात, सीलंटची बारीक रेघ ओढलीत आणि ते सुकेपर्यंत ऑइल भरले नाहीत. नवा फिल्टर आणि पुस्तिकेत सांगितलेले ५डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल घातल्यावरही डिझेलचा पुरवठा तोडून, गेजवर दाब दिसेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवलात. गरम इंजिनाचा दाब स्लोवर सव्वा किलो आणि २५०० आरपीएमवर साडेतीन किलो भरला, तो आपण बिलाच्या मागे लिहूनही दिलात. त्या बिलात नव्या स्विचची किंमत नव्हती, कारण जुना स्विच चांगला असल्याचे सिद्ध झाले होते आणि आपण तोच परत बसवला होता.

ज्याला इंजिनातले काही कळत नाही, अशा माणसाकडून या कामात कितीही पैसे काढता येतात. आपण प्रत्येक पायरीवर मला गेजजवळ उभे केलेत, सुटा भाग हातात दिलात आणि मगच पुढचा खर्च सांगितलात. असा विश्वास मला फार कमी ठिकाणी मिळाला आहे, आणि त्याबद्दल मी व माझे कुटुंबीय आपले मनापासून आभारी आहोत.

उरलेला गाळ सुटून येईल म्हणून १००० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायला आपण सांगितले आहे. ते काम आपल्याकडेच करून घेणार आहे. त्या वेळी गेज पुन्हा लावून गरम इंजिनाचा दाब एकदा पाहून द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक, पुणे