चार इंजिनांच्या विमानांचा निरोप

महोदय,

चार इंजिनांची मोठी प्रवासी विमाने एकामागून एक सेवेतून निवृत्त होत आहेत, याचे मनापासून वाईट वाटते. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून ६० मिनिटांहून दूर जाण्याची सहसा मुभा नसे. १९८५ पासून ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत आणि पुढे त्याहूनही वाढत गेली, तेव्हा दोन इंजिनांची विमानेही महासागरावरून थेट जाऊ लागली आणि जादा दोन इंजिनांचे इंधन आणि देखभाल कंपन्यांना परवडेनाशी झाली. शेवटचे, म्हणजे १,५७४ वे बोइंग ७४७ जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द झाले, तेही मालवाहू. एअरबस ए३८० ची तर २५१ विमानेच सुपूर्द झाली आणि निर्मिती थांबली. हा हिशेब मला मान्य आहे. तरीही निदान एखादे विमान उड्डाणक्षम स्थितीत जतन करावे, सगळीच भंगारात काढू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक