प्रयोग तर चालूच असतात, निदान नीट विचारा तरी

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीत आयव्हीएफवर (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या ट्रीटमेंटवर) जे काही येतं ते मी सगळं वाचते. त्यात खर्च असतो, सक्सेस रेट असतो, "ताण घेऊ नका" असतं (हे लिहिणाऱ्याला एकदा बीटा रिपोर्टची, म्हणजे दिवस राहिलेत का सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्टची, वाट बघत चौदा दिवस बसवायला पाहिजे), पण ट्रीटमेंट चालू असताना कोणीतरी येऊन "मॅडम आमच्या स्टडीत येता का" म्हणतं तेव्हा बाईने काय करायचं, हे कुठे वाचल्याचं आठवत नाही. मला दोनदा विचारलं. एकदा नाही म्हटलं, एकदा हो. डॉक्टर तेच, स्टडी पण तीच.

पहिल्या वेळेला एग पिकअपचा, म्हणजे अंडी काढायचा, दिवस होता. आम्ही सांगलीचे, आदल्या दिवशी पुण्याला येऊन नणंदेकडे मुक्काम, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, हाताला सलाईनची सुई, अंगात तो मागून बांधायचा हिरवा गाऊन, आणि एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन आली. बोलायला गोड होती बिचारी. म्हणाली पीआरपीची स्टडी आहे, तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात, त्यातला प्लेटलेटवाला भाग ट्रान्सफरच्या (म्हणजे तयार गर्भ पोटात ठेवायच्या) आधी गर्भाशयात सोडतात, त्याने गर्भ जास्त रुजतात का ते बघायचंय, इथे आणि इथे सही करा. अठरा पानं, सगळं इंग्लिश. मी म्हटलं मराठीत नाही का, तर म्हणे आहे ना, पण प्रिंट संपल्यात.

मी नाही म्हणाले. आणि मग भूल चढेपर्यंत डोक्यात एकच, आता डॉक्टर नाराज होतील का, माझा नंबर मागे ढकलतील का, आपली अंडी काढणारा माणूस तोच, ट्रान्सफर करणारा तोच, त्याच्याच कागदाला आपण नाही म्हटलं. डॉक्टरांना त्याचं काहीच नव्हतं, मी नाही म्हटलंय हे त्यांना माहीत तरी होतं की नाही देव जाणे. पण हे मला नंतर कळलं ना, तेव्हा कुठे माहीत होतं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या बरं केलंस, प्रयोग करायचेत तर उंदरांवर करा म्हणावं. नवरा म्हणाला फ्री होतं ना, मग घ्यायचं की. दोघंही आपापल्या जागी बरोबरच वाटत होते मला, आणि दोन्ही पटत पण नव्हतं.

मग एक जुनी गोष्ट आठवली. आयव्हीएफच्या आधी मला लेट्रोझोलच्या गोळ्या दिल्या होत्या, पीसीओएससाठी (हार्मोन्स बिघडून अंडं वेळेवर तयार होत नाही तो त्रास), तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी बघून आवाज खाली घेऊन विचारलेलं, "ताई, ही कॅन्सरची गोळी आहे, घरात कोणाला आहे का?" पायाखालची जमीनच सरकली होती. आता बसून शोधलं तर काका खोटं बोलत नव्हते, मूळची ती ब्रेस्ट कॅन्सरचीच गोळी. आणि आपल्याकडे वंध्यत्वासाठी ती द्यायला 2011 साली सरकारने बंदी घातलेली, कारण त्याआधी कित्येक वर्षं नीट परवानगीची ट्रायल न होताच ती बायकांना दिली जात होती. मग 2014 ला अमेरिकेतली मोठी ट्रायल आली, पीसीओएसच्या 750 बायका, अर्ध्यांना जुनी क्लोमिफेनची गोळी आणि अर्ध्यांना लेट्रोझोल, तर बाळ झालं क्लोमिफेनवाल्या 19.1 टक्क्यांना आणि लेट्रोझोलवाल्या 27.5 टक्क्यांना. आपली बंदी पण पुढे उठली. म्हणजे मी जी गोळी घाबरत घाबरत गिळली ती चालते हे त्या 750 जणींनी फॉर्म भरला म्हणून कळलं.

दुसरी गोष्ट जास्त लागली मनाला. पहिल्या सायकलला (म्हणजे ट्रीटमेंटच्या पहिल्या फेरीला) आम्ही दुसऱ्या एका सेंटरला होतो (नाव लिहीत नाही), तिथे "स्क्रॅचिंग" केलं होतं, म्हणजे सायकलच्या आधी एक बारीक नळी घालून गर्भाशयाचं अस्तर खरवडतात, म्हणे गर्भ चांगला चिकटतो. दुखलं बरंच, बिलात 8 हजार वेगळे लागले, आणि फॉर्म वगैरे काही नाही, "करून घेऊया" एवढंच. ते साल होतं 2022. आणि 2019 मध्येच न्यूझीलंडच्या डॉक्टरांची ट्रायल छापून आली होती, 1,364 बायका, स्क्रॅचिंग केलेल्यांत बाळ झालं 26.1 टक्क्यांना आणि न केलेल्यांत किती, तर 26.1 टक्के!! तीन वर्षं झाली होती उत्तर येऊन आणि मी टेबलावर पडून दात ओठ खात होते.

तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, आई, प्रयोग तर माझ्यावर आधीपासूनच चालू आहेत की, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही आणि पैसे आपण भरतो. हेच पीआरपी कितीतरी ठिकाणी पॅकेजमध्ये घालून विकतात. स्टडीच्या कागदावर निदान "तुम्हाला फायदा होईलच असं नाही" हे छापलेलं तरी असतं, बिलावर ते कधी बघितलंय का कोणी?

दुसऱ्या वेळेला फ्रोझन ट्रान्सफरची, म्हणजे गोठवून ठेवलेला गर्भ सोडायची, तयारी होती. यावेळी डॉक्टर नाही आणि ती मुलगी पण नाही, एक वयस्कर काउन्सेलर बाई होत्या, त्यांनी साध्या खोलीत खुर्चीवर बसवलं, मी पूर्ण कपड्यात होते (हसू नका, फार फरक पडतो), मराठी फॉर्म हातात दिला, बावीस पानं, आणि म्हणाल्या घरी न्या, चार दिवस आहेत. मी तो किचन ओट्यावर ठेवून पेन्सिलने खुणा करत वाचला. विचारायचं ते सगळं विचारलं. पैसे कोण देणार, तर स्टडीमुळे जे जास्तीचं होईल त्याचे पेशंटकडून घेता येत नाहीत, आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) गाईडलाइनमध्येच आहे ते. त्रास झाला तर उपचार कोण करणार. मध्येच सोडलं तर ट्रान्सफर थांबणार नाही ना. सीटीआरआय नंबर काय, हा नंबर टाकला की सरकारी रजिस्टरमध्ये स्टडी दिसते, कोणालाही फुकट बघता येते, नंबर नसेल तर मी तरी सही करणार नाही. आणि उरलेल्या गर्भांचं काय, तर त्यांचा या स्टडीशी संबंध नाही, संशोधनाला द्यायचे तर आमच्या दोघांची वेगळी संमती लागते. हे विचारलं म्हणून कळलं की रेग्युलर ट्रीटमेंटच्या कागदांच्या गठ्ठ्यात तसा एक चौकोन होता आणि आम्ही त्यावर टिक केलेली होती, न वाचता. ती काढून घेतली. द्यायचेच नाहीत असं नाही, पण कळून द्यायचेत.

एक गोष्ट मात्र मला समजावून घ्यायला वेळ लागला. मला वाटत होतं स्टडीत गेलं की पीआरपी मिळणारच. काउन्सेलर बाई म्हणाल्या तसं नाही, कोणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि ते डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्ही पण नाही. मग माझ्यासमोर खाकी पाकीट फोडलं आणि मी निघाले नेहमीच्या ट्रीटमेंटच्या गटात, म्हणजे पीआरपी नाही. खोटं कशाला बोलू, गाडीत बसून रडले. कंडक्टरने विचारलं पण, ताई बरं वाटत नाही का.

रिझल्ट काय लागला ते मुद्दाम लिहीत नाही. पॉझिटिव्ह लिहिला तर शंभर जणी जाऊन सह्या करतील, निगेटिव्ह लिहिला तर शंभर जणी पळून जातील, आणि माझ्या एकटीच्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही, ठरत असतं तर 1,364 बायका कशाला गोळा केल्या असत्या.

परळच्या केईएममध्ये 1986 च्या ऑगस्टमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, आयसीएमआरच्या परळच्याच संस्थेबरोबरचं काम होतं ते. त्या बाळाच्या आईला कोणी सक्सेस रेट सांगितला असेल? रेट यायलाच अजून अवकाश होता. तिच्यासारख्या बायका हो म्हणाल्या म्हणून आज आम्ही रांगेत बसतोय, त्यामुळे स्टडी नको असं माझं अजिबात म्हणणं नाही.

म्हणणं एवढंच की पिकअपच्या किंवा ट्रान्सफरच्या दिवशी, उपाशी बाईला, गाऊनमध्ये विचारू नका. ट्रीटमेंट करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः विचारू नका, आम्हाला त्यांना नाही म्हणता येत नाही. फॉर्म घरी न्यायला द्या. आणि मराठी प्रिंट संपल्या असतील तर मला कळवा, आमच्या गल्लीत झेरॉक्स 2 रुपये पान आहे, बावीस पानांचे 44 रुपये होतात, मी देते.

आपली,
एक वाचक, सांगली
(नाव-पत्ता तुमच्याकडे दिलाय, कृपया छापू नये. सासरच्या गावात पेपर येतो.)