लेखाला परवानगी, उपरण्याला मुभा: पंतप्रधानांना खुले पत्र

माननीय पंतप्रधान,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या घरांसाठी आपण कुंभारीला आला होता, त्या सोलापुरातून लिहितोय. विषय आहे गुप्तचर खात्यांच्या प्रमुखांनी निवृत्तीनंतर लगेच राजकारणात उतरण्याचा. वर्दी उतरवून खादी घालणारा माणूस आम्हाला नवा नाही. सुशीलकुमार शिंदे इथल्या कोर्टात पट्टेवाले होते, मग सीआयडीत फौजदार, 1974 ला करमाळ्याचे आमदार आणि 2012 ला देशाचे गृहमंत्री. त्यांना कधीच मत न दिलेली माणसंही हे कौतुकानं सांगतात. पण फौजदाराला पेठेतली चार गुपितं ठाऊक असतात. आयबी (देशातलं गुप्तचर खातं) किंवा रॉच्या (परदेशातल्या हेरगिरीचं खातं) प्रमुखाला कुठल्या पुढाऱ्याचं कुठं पाणी मुरतंय, तेही कळलेलं असू शकतं.

रॉचे प्रमुख संजीव त्रिपाठी 2012 अखेर निवृत्त झाले, 2014 ला आपल्या पक्षात आले. त्यांनी नियम मोडला नाही. मोडायला नियमच नव्हता. (काँग्रेसवाल्यांनी हसू नये. आयबीचे माजी प्रमुख नारायणन 2010 मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले, ते त्यांच्याच राजवटीत.)

आता गंमत बघा. बड्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर परवानगीशिवाय खासगी कंपनीत जाता येत नाही. गुप्तचर खात्यातल्या माणसानं खात्याच्या कामाविषयी साधा लेख लिहायचा म्हटला, तरी 2021 पासून आधी मंजुरी हवी, नाहीतर पेन्शनवर गदा. पक्षाचं उपरणं मात्र निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गळ्यात घाला, कोणी विचारत नाही. लेख धोक्याचा आणि खासदारकी बिनधोक?

रशियात पुतिन जुलै 1998 ला गुप्तचर खात्याचे प्रमुख झाले, ऑगस्ट 1999 ला पंतप्रधान, आणि 31 डिसेंबरला हंगामी राष्ट्राध्यक्ष. आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेत सीआयएवर निदान संसदेच्या समित्यांची नजर असते. आपल्या आयबी-रॉवर तशी समिती नाही, माहिती अधिकारही तिथं जवळजवळ दारातच अडतो.

सगळ्या नोकरशहांना अडवा, असं माझं म्हणणं नाही. मागणी दोनच खुर्च्यांपुरती आहे: आयबीचा आणि रॉचा प्रमुख निवृत्त झाला की तीन वर्षं पक्षप्रवेश नाही, राज्यपालपद नाही. निवृत्त अधिकाऱ्यांनी लगेच निवडणूक लढवावी का, हा विषय सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये कायदेमंडळावर सोडला. कार्मिक मंत्रालय आपल्याकडे, रॉही आपल्याच हाताखाली. त्यामुळे हे पत्र दुसऱ्या कोणाला लिहायचं, तेही मला सुचलं नाही.

आपला,
सोलापूरचा एक मतदार