भज्याला बेदाणे देऊ नकोस

तासगाव, सोमवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल फोन कट केलास ते बरोबरच केलंस. "दे सोडून त्याला पार्किंगमध्ये" असं मी म्हणायला नको होतं. तुझ्या आईने तेव्हापासून अबोला धरलाय. तुझ्या रेबीजच्या इंजेक्शनांचा विषय पुन्हा काढणार नाही असं तिला कबूल केलंय, म्हणून हे पत्र फक्त तुझ्या त्या कुत्र्याच्या पिल्लाबद्दल, भज्याबद्दल.

सकाळी गुरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांचं पिल्लू असेल तर सेव्हन-इन-वन लस लगेच टोचून घ्या. पार्वो, म्हणजे पिल्लांना होतो तो उलट्या-जुलाबाचा रोग, झाला तर दोन-तीन दिवसांत हातचं जातं. डोस पुरे होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांत सोडू नकोस. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी. रेबीजची लस मात्र तीन महिन्यांचा झाल्यावर. म्हणजे आज त्याला ती नाही, मनू. पावसात सापडलेलं पिल्लू, त्याची आई कोण, तिला कोण चावलं होतं, कुणाला ठाऊक? आणि त्याचाच दात तुझ्या अंगठ्यात...

नाही काढत.

दूध बंद कर, पोट त्यानेच बिघडत असेल. मऊ भात, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं चिकन दे. शिजवलेलं हाड नको, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. रश्श्यातला कांदा-लसूण नको. आणि या डब्यातले बेदाणे तर एकही नको, कुत्र्याच्या किडन्या जातात त्याने. तू म्हणशील, वाघ्या बागेत गळलेले मणी खायचा आणि तरी बारा वर्षं जगला. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. द्राक्षात जन्म गेला माझा आणि हे मला आज कळलं. वाघ्या गेला तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. शेडमागे त्याला पुरला तिथे अजून तुझी ती निळी रिबीन सापडते कधी कधी.

कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघत जा. अंग तापलं तरी आपली तापाची गोळी देऊ नकोस.

मला कुत्रं चावलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पोटात 14 इंजेक्शनं. तात्या सायकलच्या दांडीवर बसवून रोज न्यायचे, येताना माझ्या रडण्याला कंटाळून गोळी घेऊन द्यायचे. आजीने जखमेत तिखट भरलं होतं, तिच्या समजुतीने. तेच कुत्रं आमच्या आळीतल्या आणखी एका पोराला चावलं होतं. त्याच्या घरच्यांनी उतारा केला. पुढचं आपल्या घरात कुणी बोलत नाही. आत्यालाही विचारू नकोस.

आता पोटात नाही, दंडात. दिवस 0, 3, 7, 14, 28. तुझी दोन झाली. "तिसरं पुढच्या आठवड्यात बघू" हे काय बोलणं झालं? रक्त आलं होतं म्हणालीस, मग जखमेत टोचतात ते सीरम दिलं का? ते पहिल्या इंजेक्शनापासून सातव्या दिवसापर्यंतच देतात. आणि साबणाने पंधरा मिनिटं धुतलंस? हो म्हणालीस, पण पंधरा मिनिटं नळाखाली हात धरून उभी राहणारी तू नव्हेस.

झालं, पुन्हा व्याख्यान. माफ कर.

तू रात्री दोनला उठून त्याला ड्रॉपरने पाणी पाजतेस हे आईने सांगितलं, तेव्हा मी "येडी आहे" म्हणालो. मग संध्याकाळी पारावर चारचौघांना तेच सांगत बसलो.

शेजारचे उद्या पुण्याला निघालेत, डबा आणि पत्र त्यांच्याकडे देतोय. बुधवारी रात्रीच्या एसटीने मी निघतो. गुरुवार सातवा दिवस आहे. तू दवाखान्यात जाऊन ये, तोवर भज्याला मी बघतो. चप्पल कुठे ठेवायची तेवढं सांगून ठेव.

तुझा,
बाबा